पानसे मास्तरांची पोच

मऊरानीपुरच्या विक्रम साहूने विश्वंभर पानसे यांच्या ईमेलवर पहिले खाते उघडले, तेव्हा पानसे गॅलरीत बसून दाढी करत होते. मोबाइल वाजला. गालावरचा फेस तसाच ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि मेल उघडला. कपडे विकणाऱ्या एका अ‍ॅपने विक्रम साहू यांचे हार्दिक स्वागत केले होते, आणि हा ईमेल आपलाच असेल तर खालचे निळे बटण दाबून तसे कळवावे, अशी विनंती केली होती.

पानशांनी निळे बटण दाबले.

यात त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. पानशांची सगळी नोकरी झाशीच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून झाली होती. पुढच्या स्टेशनवरून फोन यायचा, निरोप घ्यायचा, तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि मिळाल्याची पोच द्यायची. पोच गेल्याशिवाय गाडी हलत नसे. निरोप घेऊन गप्प बसणारा माणूस आणि दारू पिऊन ड्यूटीवर येणारा माणूस यांच्यात पानशांच्या मते फरक होता, पण फार नव्हता. मेल विक्रम साहूच्या नावाचा होता, हे त्यांनी वाचले होते. पण तो येऊन पोहोचला होता पानशांकडे, आणि ईमेल तर त्यांचाच होता. खरे ते त्यांनी कळवले आणि उरलेली दाढी केली.

"कोणाचं काय आलं?" विद्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

पानसे हनुवटीच्या अवघड भागात होते.

"काल आमटी कशी झाली होती, तेही सांगितलं नाहीत."

पानशांनी वस्तरा धुतला. घरातले प्रश्न त्यांच्या लेखी निरोपांत मोडत नसत. लग्न झाल्यापासून विद्याबाई रोज काही ना काही विचारत आल्या होत्या आणि एकाही प्रश्नाची पोच त्यांना आजवर मिळाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात विक्रम साहूने व्यायामाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात खाते उघडले. पानशांनी बटण दाबले. मग घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात उघडले. बटण दाबले. मग चेहरा उजळ करणाऱ्या मलमांचे एक मंडळ होते, त्याचे सभासदत्व आले. तेही दाबले. शेवटी लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळाने कळवले, की विक्रम साहू, वय एकतीस, धान्याचा घरचा व्यापार, यांचे स्थळ नोंदवले गेले असून आता फक्त निळे बटण दाबायचे बाकी आहे.

पानशांनी तेही दाबले. होळी होऊन गेली आणि मे महिन्यात एकदा भोपाळहून मुलाचा, सुमेधचा, फोन आला. बोलता बोलता पानशांनी विक्रम साहूचा उल्लेख केला.

"एक मिनिट, बाबा. तुम्ही प्रत्येक वेळी कन्फर्म दाबलंत?"

"मिळाल्याचं कळवायला नको?"

"अहो, ते मिळाल्याचं नाहीये! ते म्हणजे 'मीच विक्रम साहू' असं सांगणं आहे!"

"मी असं काहीही म्हटलेलं नाही. ईमेल माझा आहे का, एवढंच विचारलं होतं. आहे."

"गज़ब आहात, बाबा. कुठला तरी माणूस तुमचा ईमेल वापरतोय आणि तुम्ही त्याला शिक्के मारून देताय!"

हा ईमेल सुमेधनेच काढून दिला होता. पानशांचे पूर्ण नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण निराळे लिहितो, म्हणून त्याने सोपे काहीतरी शोधले होते आणि 'झांसीवाले' हे नाव मोकळे मिळाले म्हणून खूश झाला होता. आता त्याने वडिलांना उपाय सांगितला. पासवर्ड विसरलो असे दाबायचे, नवा पासवर्ड मागवायचा, आत शिरायचे आणि खाते बंद करून टाकायचे.

पानसे सूचना जशी मिळाली तशी पाळणारे गृहस्थ होते. ते कपड्यांच्या खात्यात शिरले. तिथे कळले, की एक वस्तू मागवलेली आहे आणि ती पोहोचेपर्यंत खाते बंद करता येत नाही. ठीक आहे, थांबू. पण समोर 'आपली माहिती तपासा' असे लिहिले होते आणि माहिती तर सगळीच चुकीची होती. ईमेल पानशांचा, वर नाव साहूचे, खाली पत्ता मऊरानीपुरच्या धान्यबाजाराचा, गल्ला मंडीचा. चुकीची नोंद समोर दिसत असताना ती तशीच सोडणे पानशांना नोकरीत कधी जमले नव्हते. त्यांनी नाव दुरुस्त केले. पत्ता दुरुस्त केला. चष्मा पुसून एकदा तपासले आणि समाधानाने फोन ठेवून दिला.

चार-पाच दिवसांनी झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या दारात मोठे पार्सल आले.

"विश्वंभर पानसे? शेरवानी है, अंकल. पेमेंट हो चुका है."

विद्याबाईंनी पार्सल सोडवले. आत मोतिया रंगाची, गळ्यावर सोनेरी बुट्ट्या असलेली शेरवानी होती.

"अहो, या वयात?"

"माझी नाही. साहूची आहे."

"मग आपल्या नावावर कशी आली?"

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते देण्याआधी पानशांना ते स्वतःशी नीट जुळवून पाहावे लागले, आणि जुळल्यावर ते आवडले नाही. त्यांनी विक्रम साहूचे खाते स्वतःच्या नावे करून घेतले होते, त्याचा पासवर्ड बदलला होता आणि त्याची शेरवानी घरी आणवली होती.

"परत पाठवायला हवी," ते म्हणाले.

"कमरेला अडतीस मागवलीय," विद्याबाई शेरवानी अंगावर धरून पाहत म्हणाल्या. "होळीला घेतलेली पँट छत्तीसची होती. वजनं मागवली, पण उचलत नसणार."

"तुला काय माहीत?"

"त्याचे मेल वाचते ना मी. तुम्ही झोपता दुपारचे, तेव्हा."

पानशांना हे पटण्यासारखे नव्हते. दुसऱ्याचा निरोप नावापर्यंत वाचायचा, नाव आपले नसले की तिथेच थांबायचे, हा त्यांचा नियम होता. निळ्या बटणाचे मेल सोडले, तर विक्रम साहूच्या एकाही मेलची पहिली ओळ ओलांडून ते पुढे गेले नव्हते. विद्याबाईंना असा काही नियम नव्हता. त्यांना विक्रम साहूच्या बुटाचे माप माहीत होते. तो इंग्रजीच्या दुसऱ्या धड्यावर अडकलाय, हेही माहीत होते, आणि मलमाने फारसा फरक पडलेला नाही, अशी त्यांची शंका होती.

"आणि एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मेघनाला तुम्ही काय लिहीत असता?"

"कोण मेघना?"

विद्याबाईंनी फोन आणून समोर धरला. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाकडून पानशांना अधूनमधून मेल येत. 'विक्रम साहू जी' एवढे वाचून ते थांबत आणि उत्तराच्या खुणेवर बोट ठेवून कंपनीला पोच देत. पोच कायम एकाच मजकुराची असे: 'संदेश प्राप्त हुआ। नोट किया गया। कार्यवाही संबंधित व्यक्ति द्वारा होगी।' कंपनीचे प्रत्येक मेल त्या पहिल्या ओळीखाली सांगत होते, की या मेलला दिलेले उत्तर थेट मुलीकडे जाईल. पण तिथवर पानसे गेले नव्हते.

मुलगी झाशीतच, सदर बाजारात राहणारी होती आणि एका शाळेत गणित शिकवत होती. तिने पहिल्यांदा लिहिले होते, की स्थळ पाहिले, पुढे बोलायला हरकत नाही. त्यावर पोच गेली होती. मग तिने लिहिले होते: 'शादी के बाद मैं नौकरी नहीं छोड़ूँगी। आपका क्या कहना है?' त्यावर गेले होते, संदेश प्राप्त हुआ, नोट किया गया, कार्यवाही संबंधित व्यक्ति द्वारा होगी. त्यानंतरचा तिचा मेल दोनच शब्दांचा होता: 'अच्छा लगा।'

आणि सकाळी आलेला शेवटचा मेल असा होता: 'पापा ने रविवार को चार बजे दूसरे लड़के वालों को बुलाया है। वे उसी दिन हाँ कर देंगे। आप सच में चाहते हैं तो उससे पहले बड़ों को लेकर आ जाइए। नहीं आए तो मैं समझ जाऊँगी।'

याला पोच अजून गेली नव्हती, कारण पानसे सकाळपासून शेरवानीत अडकले होते.

ते खुर्चीत टेकले. "म्हणजे मी त्या मुलीला उत्तरं दिली?"

"प्रत्येक वेळी. इतकी मला कधी दिली नाहीत."

"आणि त्या साहूला यातलं काहीच ठाऊक नाही?"

"कसं असेल? सगळं इकडेच येतं. तो बिचारा वाट बघत बसला असेल. आणि रविवारी ती दुसऱ्याची होणार."

"त्याचा फोन नंबर?"

"कुठेच नाही. मी शोधला. सगळीकडे शेवटचे दोनच आकडे दाखवतात, बाकी फुल्या."

पानसे उठले आणि कपाटातून बाहेर जायचा शर्ट काढला. निरोप घेतला आणि पुढे दिला नाही, असे त्यांच्या हातून कधी झाले नव्हते. इथे तर तो घेऊन, वर भलत्याच माणसाने पोच देऊन, गाडी मध्येच उभी करून ठेवली होती.

"उद्या शनिवार. सकाळच्या पॅसेंजरने मऊरानीपुरला जाऊ," ते म्हणाले.

"जाऊ?"

"पत्ता मी दुरुस्त करून टाकला. जुना तुलाच पाठ असेल."

विद्याबाईंना पाठ होता.

विक्रम साहूची धान्याची गादी मंडीच्या तोंडाशीच होती. हरभरा, वाटाणा आणि तीळ यांच्या पोत्यांच्या मधोमध एक गोल चेहऱ्याचा तरुण मोबाइलशी झगडत बसला होता. त्याला पाहताच विद्याबाई हळूच म्हणाल्या, "हाच. फोटोपेक्षा बरा आहे."

"काए बाबूजी, का चइए?" तरुणाने मान वर केली.

"विक्रम साहू?"

"हओ."

"मैं विश्वंभर पानसे. झाँसी से आया हूँ."

तरुण ताडकन उभा राहिला. मांडीवरचे माप तिळात पडले.

"विश्वंभर पानसे!" तो आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "अम्मा! आ गओ! शेरवानी वालो चोर अपने पाँवन से आ गओ!"

पानशांना त्यांच्या आयुष्यात पुष्कळ जणांनी पुष्कळ काही म्हटले होते, विशेषतः गाड्या उशिरा येत तेव्हा. चोर कोणी म्हटले नव्हते. ते काही बोलेपर्यंत आजूबाजूच्या दुकानांतली माणसे जमली. विक्रम सगळ्यांना सांगू लागला, की याच माणसाने ऑनलाइन त्याचे खाते लुटले. पासवर्ड बदलला, नाव बदलले, शेरवानी उडवली. कंपनीला फोन केला तर ती बाई म्हणते, खाते तर विश्वंभर पानसे यांचे आहे, तुम्ही कोण? सोमवारी तो पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणार होता.

"चोर किसे कह रहे हो, भैया?" विद्याबाईंनी पिशवीतून शेरवानी काढून पोत्यावर ठेवली. "चोर शेरवानी लौटाने रेलगाड़ी से आता है क्या?"

गर्दीला हे पटले. विक्रमने शेरवानी उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा आवाज एकदम उतरला. "बैठो, बाबूजी."

"पहले ये बताइए," पानसे उभ्यानेच म्हणाले, "आपने मेरा ईमेल क्यों डाला?"

"आपका? वो तो हमारा है."

"आपका कैसे?"

"हमने भरा था न!" विक्रम म्हणाला. "फॉर्म में लाल तारा बना था, बिना भरे आगे ही नहीं जाता. हमने लिख दिया झाँसीवाले. अब झाँसीवाले किसी एक के थोड़ी होते हैं, बाबूजी. सबके होते हैं. और उसने भी कुछ नहीं कहा, झट से कन्फर्म हो गया."

पानशांनी विद्याबाईंकडे पाहिले नाही. विद्याबाई मात्र त्यांच्याकडे पाहत होत्या.

विक्रमची आई पाणी आणि पेढे घेऊन आली. विद्याबाईंनी फोन विक्रमच्या हातात दिला आणि मेघनाचे मेल उघडून दाखवले. तो वाचत गेला आणि वाचता वाचता वाटाण्याच्या पोत्यावर बसला.

"जवाब आया था?" तो म्हणाला. "हम होली से बैठे हैं. हमने सोचा, एक भी लड़की को पसंद नहीं आए. फोटो में मोटे लग रहे होंगे."

"मोटे तो हुए हो. छत्तीस से अड़तीस," विद्याबाई म्हणाल्या. "पर वो कारण नहीं था."

"आपको कैसे पता?"

"सब पता है, बेटा. इंग्रजी का दूसरा पाठ भी कर लो."

विक्रम पुन्हा वाचू लागला. "और ये जवाब? ये किसने लिखे?"

"मैंने," पानसे म्हणाले. "अनजाने में."

"इतने से? हम होते तो चार पन्ने लिखते!"

"तभी तो," विद्याबाई म्हणाल्या.

लगेच हिशेब झाला. रविवार म्हणजे उद्याच, आणि मोठ्यांना घेऊन जायचे. विक्रमचे वडील नव्हते. काकांशी मधल्या भिंतीवरून भांडण होते. मामा गुजरातेत होते. सगळ्यांच्या नजरा हळूहळू पानशांवर येऊन थांबल्या.

"माझं काम निरोप पोचवण्याचं होतं," पानसे मराठीत विद्याबाईंना म्हणाले. "तो पोचला. आपली परतीची गाडी आहे."

विक्रमच्या आईला मराठी येत नव्हते, पण पुरुष काढता पाय घेतोय हे समजायला भाषा लागत नाही. तिने पदर सावरला. "मास्टर साहब, लड़की को जवाब आपने दिया है. अब गाड़ी बीच लाइन में छोड़ के मत जाओ."

पानशांनी घड्याळाकडे नेलेला हात खाली आणला.

रविवारी दुपारी सदर बाजारातल्या मेघनाच्या घरासमोर ऑटो थांबली. आतून पानसे, विद्याबाई, विक्रमची आई आणि सर्वांत शेवटी शेरवानी घातलेला विक्रम उतरला. मुलगी बघायला कोणी शेरवानी घालत नाही, असे विद्याबाईंनी दोनदा सांगितले होते. पण ज्या वस्तूसाठी एवढी धावपळ झाली ती पेटीत ठेवायची, हे विक्रमच्या आईला मान्य नव्हते. बाहेर मे महिना होता. विक्रम वितळत होता.

"एक सुनो," विद्याबाईंनी दारातच त्याला बजावले. "लड़की को कम बोलने वाला पसंद है. मुँह बंद रखना."

"कितनी देर?"

"शादी तक."

मेघना उंच, चष्मा लावणारी, सरळ बघणारी मुलगी होती. शनिवारी रात्री विद्याबाईंनी 'येतोय' एवढेच कळवून तिच्याकडून पत्ता मागवला होता, त्यामुळे तिच्या वडिलांना हे पाहुणे येणार हे सकाळीच कळले होते आणि ते त्यांना फारसे आवडलेले दिसत नव्हते. ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पीक विचारले, भाव विचारले, घर केवढे ते विचारले. विक्रमने प्रत्येक प्रश्नाला मान हलवली.

"लड़का बोलता नहीं है?" शेवटी त्यांनी विचारले.

"पापा, ये कम ही बोलते हैं," मेघना म्हणाली आणि किंचित हसली. "एक लाइन लिखते हैं, पर जवाब उसी दिन देते हैं. बाकी लोग तो दस दिन बाद फूल का फोटो भेजते हैं."

विक्रमची आई सुटकेने खुर्चीला टेकली. विद्याबाईंच्या चेहऱ्यावर लग्न ठरल्याचे समाधान पसरू लागले होते. तेवढ्यात शेजारी पानसे घसा साफ करतायत असे त्यांना ऐकू आले. त्यांनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात ठेवला.

काही उपयोग झाला नाही. पोच न देणे वाईट, पण खोटी पोच त्याहून वाईट, हे पानसे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले होते आणि ते पायावर पाय देऊन पुसले जाण्यासारखे नव्हते.

"बेटी," ते म्हणाले, "वो जवाब इनके नहीं थे. मेरे थे."



मेघनाचे वडील उठून उभे राहिले. "आपके? आप मेरी लड़की को चिट्ठियाँ लिख रहे थे? आपकी उम्र क्या है?"

"अड़सठ. पर मैं कंपनी को लिख रहा था."

"कौन सी कंपनी?"

पानशांनी क्रमाने सांगायला सुरुवात केली, पण ते निळ्या बटणापर्यंतच पोहोचले होते, तोच विक्रमचा धीर सुटला. सकाळपासून कोंडलेले सगळे एकदम बाहेर आले.

"बाबूजी की गलती नहीं है, हमारी है! लाल तारा बना था, हमने भर दिया! हमें तो कल पता चला कि आपने लिखा है. होली से रोज मोबाइल देख रहे थे, फिर सोचा मोटे हैं, तो वजन मँगाया, फिर वो भारी निकला. शेरवानी इसलिए ली कि कहीं अचानक हाँ हो गई तो! चाचा से दीवार का झगड़ा है, गलती आधी हमारी है. हम कम नहीं बोलते जी, हम बहुत बोलते हैं, अम्मा से पूछ लो."

"बहुत," आई म्हणाली.

"और आपने जो नौकरी का पूछा था, उसका जवाब हम अभी दे रहे हैं, देर हो गई." विक्रमने घाम पुसला. "नौकरी आपकी है, हम हाँ-ना करने वाले कौन? मऊरानीपुर से झाँसी सवेरे की गाड़ी है. स्टेशन तक हम मोटरसाइकिल पे छोड़ देंगे, शाम को ले आएँगे. बस."

"गाड़ी है," पानसे म्हणाले. "समय से चलती है. ज़्यादातर."

मेघनाचे वडील पुन्हा घड्याळाकडे बघू लागले. विद्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते. जे घडवायला त्या उन्हात मऊरानीपुरला गेल्या होत्या, ते नवऱ्याने चहा निवायच्या आत मोडून ठेवले, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

मेघना मात्र विक्रमकडे बघत होती. आधी शेरवानीकडे, मग चेहऱ्याकडे.

"मैंने ये सवाल सबसे पूछा था," ती सावकाश म्हणाली. "चार बजे जो आ रहे हैं, उनसे भी. उन्होंने लिखा, आप बहुत सुंदर हैं. एक ने अपनी कार का फोटो भेजा. बस एक जगह से लिखकर आया कि सवाल संबंधित व्यक्ति तक जाएगा." तिने पानशांकडे पाहिले. "आप सच में ले गए?"

"कल," पानसे म्हणाले. "देर हुई. माफ करना."

मेघनाने मान डोलावली आणि विक्रमकडे वळली. "आपका संदेश प्राप्त हुआ. नोट किया गया."

विक्रमला काही समजले नाही. पानशांच्या तोंडून मात्र सवयीने निघून गेले, "और कार्यवाही?"

"संबंधित व्यक्ति द्वारा होगी," मेघना म्हणाली. "पापा, चार बजे वालों को फोन कर दीजिए."

 वडिलांनी खिशातून फोन काढला आणि दुसऱ्या हाताने विक्रमकडे बोट दाखवले. "पहले इसका कोट उतरवाओ कोई. लड़का बेहोश हो जाएगा."

लग्न नोव्हेंबरात झाले. शेरवानी थोडी सैल करावी लागली. भिंतीचे भांडण मिटून काका जेवायला आले आणि व्याही म्हणून आपल्याला मान मिळायला हवा होता असे म्हणू लागले, पण तो मान आधीच पानशांना देऊन झाला होता. लग्नाला भोपाळहून आलेल्या सुमेधने विक्रमला त्याचा स्वतःचा ईमेल काढून दिला, कागदावर लिहून दिला आणि तीनदा म्हणून घेतला.

महिन्याभराने पानसे गॅलरीत दाढी करत असताना मोबाइल वाजला. कपडे धुण्याची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीने विक्रम साहू यांचे हार्दिक स्वागत केले होते. पानशांनी फेस तसाच ठेवून मऊरानीपुरला फोन लावला.

"नया वाला याद नहीं रहता, बाबूजी," विक्रम म्हणाला. "और ये वाला शुभ है. मेघना भी कहती है, यही रखो, इसमें जवाब आता है."

पानशांनी सुस्कारा टाकला आणि मेल मेघनाकडे पुढे पाठवला. निळे बटण या वेळी दाबले नाही. ते ज्याचे त्याने दाबायचे असते, एवढे ते शिकले होते.

फोन ठेवतायत तोच आणखी एक मेल आला. पाठवणाऱ्याचे नाव होते विद्या पानसे. सुमेधने जाता जाता आईलाही एक खाते काढून दिले होते, हे पानशांना आत्ता कळत होते. नाव ओळखीचे असल्यामुळे नियमाप्रमाणे त्यांनी पुढची ओळही वाचली.

'कालची आमटी कशी झाली होती?'

पानशांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत भांड्यांचा आवाज नेहमीसारखाच चालू होता. त्यांनी मेल पुन्हा एकदा वाचला. आता हा घरातला प्रश्न राहिला नव्हता. हा रीतसर आलेला निरोप होता, आणि तो त्यांच्याच नावाचा होता. पळवाट नव्हती. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि बराच वेळ विचार करून एकेक अक्षर टाइप केले.

'संदेश मिळाला. नोंद घेतली. आमटी चांगली झाली होती. मीठ थोडे कमी होते.'

आत टिंग वाजले. भांड्यांचा आवाज थांबला. पानसे कान देऊन बसून राहिले. गालावरचा फेस वाळत चालला होता.

मग त्यांच्या हातातला मोबाइल वाजला.

'संदेश मिळाला. नोंद घेतली. कार्यवाही संबंधितांनीच करावी. डाळ शिजली आहे, मीठ फडताळात आहे.'